मदत हवी आहे: मुलीचे डायबेटीसच्या अँटीबॉडीचे रिपोर्ट आलेत, धाकट्याची टेस्ट करू की नको?

पडवी:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही गुहागर तालुक्यात असतो. मुलगी ९ वर्षांची, धाकटा ५ चा. मे महिन्यात पोरगी सारखी पाणी पाणी करायला लागली, पण उन्हाळाच तसा होता, त्यात आंबे उतरवायची गडबड, सगळीच पोरं तांब्यावर तांबे रिकामे करत होती म्हणून लक्ष गेलं नाही. मग रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. सासूबाई एकदा म्हणाल्या की मोरीत मुंग्या फार झाल्यात, आणि खरंच पोरगी जाऊन आली की त्या जागी काळी रांग लागायची, मी उकळतं पाणी ओतलं आणि कामाला लागले. लघवीत साखर जातेय हे तेव्हा कळलंच नाही, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. उलट्या सुरू झाल्यावर जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तर ऊन लागलंय म्हणाले, ग्लुकोजचं सलाईन लावलं, शुगर कोणी बघितलीच नाही. संध्याकाळी ती धापा टाकायला लागली, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला, मग ह्यांनी गाडी काढली आणि चिपळूण गाठलं. तिथे शुगर ५४०, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल) भरपूर, डायबेटीस निघाला, चार दिवस आयसीयू.

आता ती छान आहे, शाळेत जाते, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. नवीन डॉक्टरीण बाईंनी दोन महिन्यांनी रक्त पाठवायला लावलं, ते मुंबईला जाऊन रिपोर्ट काल आले आणि बाईंची तारीख अजून तीन आठवडे लांब. जीएडी २००० च्या वर (रेंज १० च्या आत लिहिलीय), आयए-टू पॉझिटिव्ह, इन्सुलिन अँटीबॉडी पॉझिटिव्ह, सी-पेप्टाइड ०.४, थायरॉइडची टीपीओ पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल, गव्हाच्या अ‍ॅलर्जीची टीटीजी निगेटिव्ह.

ह्यातलं काय घाबरण्यासारखं आहे? जीएडी एवढी वर म्हणजे तिचा डायबेटीस जास्त कडक आहे का? माझी एक नणंद नर्सिंगला आहे, ती म्हणते इन्सुलिन अँटीबॉडी आली म्हणजे हिचं अंग इन्सुलिन स्वीकारत नाहीये, तेव्हापासून मला झोप नाही. आणि उलटच एक गोष्ट, तिचा डोस दिवसाला १८ युनिटवरून ७ वर आलाय, सासरे म्हणतात काढ्याचा गुण येतोय, इन्सुलिन हळूहळू सोडवा.

पण मुख्य प्रश्न धाकट्याचा आहे. त्याच्या अँटीबॉडी आत्ताच तपासता येतात म्हणे. तपासाव्यात का? तपासून हातात काय येणार? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा. त्याने रात्री उठून पाणी मागितलं की माझे हात थरथरतात.

सुरंगी:
आधी ते मोरीतल्या मुंग्यांचं मनातून काढ गो बाय. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही जंतांचं औषध दिलं होतं दोनदा. मालवणला असतो आम्ही, मुलगा आता १७ चा, ६ व्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे.

डोस कमी झालाय त्याला हनिमून म्हणतात. बाहेरून इन्सुलिन मिळाल्यावर उरलेल्या बीटा पेशींना, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना, जरा विसावा मिळतो आणि त्या काही दिवस परत काम करतात. कुणाला काही आठवडे, कुणाला वर्षभर. आमच्याकडे १६ वरून ५ वर आला होता, सासूबाईंनी रवळनाथाला नारळ पण ठेवला, आणि सातव्या महिन्यात एका आठवड्यात सगळं परत चढलं. इन्सुलिन बंद करू नका, काढ्यासाठी तर अजिबात नाही. सासऱ्यांना वाईट न वाटता सांगायचं असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरकडे त्यांनाच सोबत घेऊन जा. आमच्याकडे घरच्यांना बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावरच पटलं.

आणि पावसात लाईट गेली की फ्रीजची धास्ती घेऊ नका. वापरातली बाटली २५-३० डिग्रीत चार आठवडे टिकते, जास्तीच्या बाटल्या डब्यात घालून ओल्या वाळूतल्या माठात ठेवा. बर्फाला मात्र टेकवायची नाही, गोठली की फुकट.

कातळसडा:
लॅबमध्ये १४ वर्षं काम करतोय, रत्नागिरीत. डॉक्टर नाही, त्यामुळे डोसबद्दल बोलणार नाही, रिपोर्टबद्दल सांगतो.

ताई, नणंदेला सांगा की ते इन्सुलिन अँटीबॉडीचं मोजायचंच नाही. ती टेस्ट इन्सुलिन सुरू व्हायच्या आधी केली तरच तिला अर्थ असतो. टोचायला लागून साधारण दोन आठवडे झाले की बाहेरून आलेल्या इन्सुलिनविरुद्ध पण अँटीबॉडी तयार होते, आणि कुठली आधीची आणि कुठली नंतरची हे मशीनला वेगळं करता येत नाही. मुलीचं रक्त दोन महिन्यांनी घेतलंय. डोस कमी करून शुगर ताब्यात आहे म्हणजे इन्सुलिन लागू पडतंय, ह्यापेक्षा मोठा पुरावा कुठला.

जीएडी २००० च्या वर म्हणजे किटची मोजपट्टी तिथे संपली एवढंच. आकड्यावरून आजार किती कडक ते ठरत नाही. बीटा पेशी मारतात त्या टी पेशी (अंगाच्याच संरक्षणाच्या पेशी), अँटीबॉडी म्हणजे सकाळी अंगणातल्या चिखलात दिसणारी पावलं, रात्री कोणीतरी येऊन गेलं एवढं कळतं. पावलं खोल उमटली म्हणून चोरी मोठी झाली असं नसतं. त्या औषधाने घालवायच्याही नसतात आणि परत परत तपासून पैसे पण घालवू नका. ह्या रिपोर्टचं काम एकच होतं, टाइप वन, म्हणजे अंगच आपल्या बीटा पेशी मारतं तो डायबेटीस, आहे हे पक्कं करणं, ते झालं. तिच्याकडे किती इन्सुलिन शिल्लक आहे ते सी-पेप्टाइड सांगतं, ०.४ म्हणजे थोडं आहे, हनिमूनशी जुळतं.

टीपीओ लक्षात ठेवा. अशा मुलांना थायरॉइडचा त्रास पुढे होऊ शकतो म्हणून टीएसएच वर्षातून एकदा तरी. आणि टीटीजी ही अ‍ॅलर्जीची टेस्ट नाही, सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) आहे, त्याबद्दल एक विचारतो, तुमच्याकडे पोळी किती होते? कारण पोटात गहू जातच नसेल तर टीटीजी निगेटिव्ह येऊ शकते आणि आपल्याकडे दोन्ही वेळा भात. सोबत एकूण आयजीए (अँटीबॉडीचा एक प्रकार, टीटीजी त्याच्यावरच मोजतात) केलं होतं का ते पण बघा, ते कमी असेल तरीही टीटीजी फसवते.

आता धाकटा. टाइप वनवाल्याच्या भावंडांमध्ये शंभरात साधारण ५-६ जणांना होतो, हे युरोप-अमेरिकेतले आकडे आहेत. म्हणजे न होण्याचीच शक्यता खूप जास्त. टेस्ट करायची तर जीएडी, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिन अँटीबॉडी अशा चारही करा, त्याच्या बाबतीत इन्सुलिनवाली चालते कारण त्याने इन्सुलिन घेतलेलं नाही आणि लहान वयात बऱ्याचदा तीच पहिली येते. एकटी जीएडी करून काही कळत नाही. काहीही पॉझिटिव्ह आलं तर दुसरं सॅम्पल घेऊन खात्री करायची. जर्मनी, फिनलंड आणि अमेरिकेतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०१३ साली आला होता, त्यात दोन किंवा जास्त अँटीबॉडी असलेल्या मुलांपैकी जवळपास ७० टक्के मुलांना दहा वर्षांत डायबेटीस झाला, एकच असलेल्यांत १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून आता दोन अँटीबॉडी आणि शुगर नॉर्मल असली तरी त्याला पहिला टप्पा म्हणतात, शुगर हलायला लागली की दुसरा, लक्षणं आली की तिसरा.

हातात काय येणार विचारलंत. आजार थांबवणारं औषध नाही. टेप्लिझुमॅब म्हणून एक आहे, अमेरिकेत २०२२ च्या नोव्हेंबरात मंजूर झालं, १४ दिवस रोज सलाईनमधून देतात, ती मंजुरी दुसऱ्या टप्प्यातल्या ८ वर्षांपुढच्यांसाठी होती, आणि आजार सरासरी दोन वर्षं पुढे ढकलला जातो. तुमच्या धाकट्यासाठी आज त्याचा विचार करण्यात अर्थ नाही. पण मुलगी ज्या अवस्थेत चिपळूणला पोचली ती अवस्था टाळता येते. बव्हेरियात २०१५ पासून लहान मुलांची अशी तपासणी करतात, तिथे आधी माहीत असलेल्या मुलांमध्ये कीटोन वाढून आयसीयूत जायची वेळ फारच थोड्यांवर आली. इटलीने तर २०२३ मध्ये त्यासाठी कायदा केला.

भरती_ओहोटी:
मी स्वतः टाइप वन, वय ३१, देवगड. दुसरी बाजू सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीची टेस्ट केली होती, एक अँटीबॉडी किंचित पॉझिटिव्ह आली. दुसरं सॅम्पल घ्यायचं हे कोणी सांगितलंच नाही. आईने दोन वर्षं रोज सकाळी तिचं बोट टोचलं, तिला कुणाच्या बारशाचा पेढा मिळाला नाही, ती रडायची आणि आई पण रडायची. नंतर परत तपासलं तर निगेटिव्ह. एकच असली तर अशी जाऊ पण शकते. तिला आजपर्यंत काही झालं नाही. तेव्हा टेस्ट करणार असाल तर आधी डॉक्टरबरोबर ठरवून घ्या की काय आलं तर काय करायचं. आणि निगेटिव्ह आली तरी कायमची सुटका नाही, पुढे पण येऊ शकते, म्हणून पाणी, लघवी, वजन ह्याच्याकडे लक्ष राहू दे.

टेस्ट नाही केलीत तरी घरात ग्लुकोमीटर आहेच. कधीही शंका आली तर एक टोचणी, पाच सेकंद. तुमच्या मुलीच्या वेळी तो मीटर घरात नव्हता, आता आहे. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

पडवी:
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, रिपोर्ट आल्यापासून काल पहिल्यांदा झोपले. हे आणि मी दोघांनी धागा वाचला, मग सासऱ्यांना पण वाचून दाखवला, ते चिखलातल्या पावलांचं त्यांना पटलं, काढ्याचं पातेलं अजून चुलीवर आहे पण इन्सुलिन सोडवा हे बोलणं थांबलं. पुढच्या वेळी ते सोबत येणार आहेत.

धाकट्याची टेस्ट करायची असं ठरतंय, चारही, मुलीच्या तारखेलाच, आणि पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या सॅम्पलपर्यंत घरात कोणाला सांगायचं नाही, त्याचा खाऊ बंद करायचा नाही. भरती_ओहोटी दादा, तुमच्या बहिणीचं वाचलं नसतं तर मी हेच केलं असतं.

कातळसडा दादा, पोळी आठवड्यातून एकदा झाली तर झाली, बाकी भात, घावणे, तांदळाची भाकरी. आयजीए रिपोर्टमध्ये नाहीये. मग टीटीजी परत करायची का?

कातळसडा:
बाईंना विचारून करा, एकूण आयजीएसकट. आधी निदान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळच्या खाण्यात गहू हवा. डब्याला पोळी आणि रात्री एक पोळी असं चालेल, पण भाताऐवजी पोळी आली की शुगर वेगळी वागेल, पहिले काही दिवस जेवणानंतर तपासत राहा.

पडवी:
म्हणजे तीन आठवड्यांच्या तारखेला नाहीच जमणार, ती टेस्ट गणपतीनंतर. बाईंना आज फोन करून विचारते, हो म्हणाल्या तर उद्याच गहू दळायला टाकते.