सल्ला हवा: बोलेरोत रस्ता बघायला आणि शेतं नोंदवायला कोणता टॅब घ्यावा? बजेट १५ हजार

ठिबक_केज
नमस्कार मंडळी. माझं ठिबक बसवायचं काम आहे. केज, धारूर, अंबाजोगाई, कळंब या भागात बोलेरो घेऊन फिरतो. डांबरी रस्त्याला काही अडचण नाही, गाव संपलं की खरा प्रश्न सुरू होतो. शेतकरी फोनवर सांगतो, लिंबाच्या झाडापासून डावीकडं वळा. पांदणीनं आत गेलं की रेंज जाते, आणि मोबाइलवर सारखे फोन येत असल्यानं नकाशा तसाही झाकला जातो.

मला टॅबवर तीन कामं पाहिजेत. रेंज नसताना रस्ता दिसावा. एकदा गेलेली वाट साठवता यावी. आणि विहीर, बोअर, प्लॉटचे कोपरे यांच्या खुणा करता याव्यात, म्हणजे लॅटरल (पिकाच्या ओळीतली ठिबकची नळी) किती लागेल याचा अंदाज आधीच काढता येईल. बजेट १५ हजार, चार्जर आणि स्टँड धरून. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा.

निलंग्याचा_बागायतदार
आयपॅड घ्या, सिमवाला. माझ्याकडं आहे, पोरानं पुण्याहून आणलाय. अजून तक्रार नाही. पैसे एकदाच जातात. १५ हजारांत धड काही मिळत नाही.

ठिबक_केज
काका, बजेट १५ आहे.

निलंग्याचा_बागायतदार
मग जुना बघा. पण सिमवालाच. वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, ते लक्षात ठेवा.

सर्किट_परभणी
काकांचा हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. सिमच्या आयपॅडमध्ये जीपीएस आहे, वायफायच्या मॉडेलमध्ये नाही. अँड्रॉइडला असा सरळ नियम नाही. काही वायफाय टॅबमध्ये जीपीएसची चिप असते, काहींत नसते. दुकानदार नकाशावरचा निळा ठिपका दाखवून म्हणतो, 'हे बघा, लोकेशन दाखवतंय.' त्यावर विश्वास ठेवू नका. बाजारपेठेत आजूबाजूच्या वायफायवरूनही ठिपका येतो. शिवारात कुठलं वायफाय?

तपासायचं असं: जीपीएसटेस्ट नावाचं फुकटचं ॲप टाका. वायफाय बंद करा, सिम असेल तर काढा, लोकेशन चालू ठेवा आणि टॅब घेऊन दुकानाबाहेर मोकळ्या आभाळाखाली थांबा. उपग्रहांची यादी आणि सिग्नलच्या पट्ट्या दिसल्या की चिप आहे. जागा निघायला किमान चार उपग्रह लागतात. नेट नसताना पहिल्या वेळी काही मिनिटं लागू शकतात, कारण कोणता उपग्रह कुठं आहे ही माहितीही टॅब त्या उपग्रहांकडूनच हळूहळू घेतो. त्यामुळे घाईनं नापास करू नका. ही तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

चौदा_टायर_जालना
टॅबच्या नादी कामून लागता? जुना मोबाइल घ्या, गाडीतच ठेवा, त्यावर फोन येऊ देऊ नका. मी तेच करतो. अन् नकाशापेक्षा गावाचं नाव नीट विचारा. आमच्या इथं एका सेठनं भोकरचा माल भोकरदन टाकून पाठवला. एक नांदेडात, एक जालन्यात! ड्रायव्हर पोरगा नवा होता, बिचाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसली. मुखेड अन् मुदखेडचं पण तसंच, दोन्ही नांदेड जिल्ह्यातच.

दुसरं, हे नकाशे कारच्या हिशोबानं रस्ता देतात. कन्नड घाटात २०२३ मध्ये अवजड गाड्यांना बंदी आली, पण मोठ्या गाडीनं कुठून जायचं हे ॲप सांगत नाही.

बियाणे_प्लॉटवाली
दादांचं काम माझ्यासारखंच दिसतंय म्हणून सविस्तर लिहिते. मी बीजोत्पादनाच्या प्लॉटवर फिरते, जालना, अंबड, घनसावंगी. गावाच्या नावावर कधीच जाऊ नका. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी एका तालुक्यातसुद्धा दोन-दोन निघतात. अक्षांश-रेखांश घ्या. शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा म्हटलं की तो रात्री घरी बसून पाठवतो, मग घराचंच लोकेशन येतं. 'विहिरीपाशी उभं राहून पाठवा' असं शब्दशः सांगावं लागतं.

ॲप मी ऑस्मअँड वापरते. महाराष्ट्राचा नकाशा एकदाच उतरवून घेतला की रेंज लागत नाही. पहिल्या फेरीला डांबरी सोडताना ट्रॅक रेकॉर्डिंग चालू करायचं आणि बांधावर बंद करायचं. ती फाइल जीपीएक्स म्हणून साठते. तिला गाव, गट नंबर आणि शेतकऱ्याचं नाव द्यायचं. पुढच्या वेळी तीच रेघ पडद्यावर ठेवून जायचं, कुणाला फोन नाही की काही नाही. आमच्याकडं नवीन मुलगा आला की मी त्याला फायलींचं फोल्डर देते, त्याच दिवशी तो एकटा जाऊ शकतो. पांदण रस्ते कुठल्याच नकाशात पूर्ण नसतात, ते आपणच जमवावे लागतात.

पावसाळ्याच्या वाटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. काळ्या रानात जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर अर्ध्या वाटा गाडीच्या राहत नाहीत.

टॅब विचाराल तर आठ-साडेआठ इंची सिमवाला. सॅमसंगचा ए९ माझ्याकडं आहे, ८.७ इंची, हातात बसतो.

हार्वेस्टर_मांजराकाठ
टॅबचं एकच सांगतो, ऊन. उसाच्या हार्वेस्टरच्या केबिनमध्ये काचेला टॅब लावला होता. मार्च निघाला अन् दुपारी बारानंतर तो आपोआप बंद पडायला लागला. पुढं बॅटरी फुगून पडदाच वर आला. कंपनीचं नाव घेत नाही, कुठल्याही कंपनीचं असंच होणार. सात महिने काचेला काही लावायचं नाही, हे माझं मत पक्कं आहे.

निलंग्याचा_बागायतदार
आयपॅडला असं होत नाही.

सर्किट_परभणी
काका, होतं. ॲपलनं स्वतःच आयपॅड वापरायला ० ते ३५ अंशांची मर्यादा दिलीय. आपल्याकडं सावलीतच ४२ असतं आणि बंद गाडीत काचेमागं त्याहून कितीतरी जास्त. लिथियमची बॅटरी तापली की टॅब आधी चार्जिंग थांबवतो, मग उजेड कमी करतो, मग बंद होतो. एसीच्या जाळीसमोर बसणारा स्टँड घ्या. गाडी उभी केली की टॅब सीटखाली ठेवा.

चार्जरचंही बघा. रस्त्यावर मिळणारे शंभर रुपयांचे चार्जर १ अँपिअर देतात. पडदा पूर्ण उजेडावर आणि जीपीएस चालू असताना टॅबला ते पुरत नाही, चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरत जाते. ५ व्होल्टला किमान २ अँपिअर, म्हणजे १० वॉट तरी पाहिजेत. जाड, आखूड केबल घ्या. बोलेरो १२ व्होल्टची आहे म्हणून प्रश्न नाही, पण मामांच्या ट्रकला २४ असतात, तिथं दोन्ही व्होल्टवर चालणाराच चार्जर लागतो.

चौदा_टायर_जालना
माझा दोन्हीवर चालतो. बक्कळ दिवस झाले, काही झालं नाही.

गुरुजी_उदगीर
चुंबकाचा स्टँड अजिबात घेऊ नये. चुंबकामुळे जीपीएस चुकतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

सर्किट_परभणी
गुरुजी, चुंबकानं होकायंत्र चुकतं, जीपीएस नाही. गाडी थांबलेली असताना बाण भलतीकडं तोंड करतो ते त्यामुळेच. गाडी चालू झाली की दिशा हालचालीवरून निघते, मग बाण सरळ होतो. चुंबकाला मोठ्या टॅबचं वजन मात्र पेलत नाही, म्हणून नको हे बरोबरच.

गुरुजी_उदगीर
चूक ती चूकच. असो. आपण परदेशी जीपीएसवर का अवलंबून राहावे? आपली स्वतःची नाविक ही उपग्रह प्रणाली आहे. नाविकवाला टॅब घ्यावा.

सर्किट_परभणी
नाविकचा अभिमान मलाही आहे. पण सुरुवातीच्या नाविक उपग्रहांचा नागरी सिग्नल एल-५ आणि एस पट्ट्यांवर आहे, तो घेणारी चिप स्वस्त टॅबमध्ये सहसा नसते. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल-१ सुद्धा आहे, तो साध्या जीपीएसचाच पट्टा, म्हणजे पुढं स्वस्त उपकरणांतही येईल. आज १५ हजारांत त्यासाठी अडून बसू नका.

आष्टीचा_पाव्हणा
पोलीस पकडत्यात का? गाडी चालवताना स्क्रीन बघितली की दंड आहे म्हणत्यात.

चौदा_टायर_जालना
पकडतात. पाच हजारांपर्यंत दंड आहे.

गुरुजी_उदगीर
पकडत नाहीत. नियम आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट केले आहे की हातातील उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येते, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

चौदा_टायर_जालना
नियम तुमच्याकडं, पावती माझ्याकडं.

बियाणे_प्लॉटवाली
दोघंही थांबा. नियमात शेवटची अट आहे ना, लक्ष विचलित होऊ नये. काचेच्या मधोमध दहा इंची टॅब लावला तर समोरचा बैलगाडीवाला दिसत नाही. धारूरच्या घाटात चालवणाऱ्यानं पडद्याकडं बघायचंच नाही, आवाज चालू ठेवायचा.

आष्टीचा_पाव्हणा
मी एका ॲपनं शेत मोजलं. शेजाऱ्यानं तीन गुंठे दाबलेत हे निघालं. ठिबकवाल्या दादांनी ते ॲप घ्यावं, एकदम पक्कं मोजतं.

बियाणे_प्लॉटवाली
भाऊ, त्या मोजणीवर शेजाऱ्याशी भांडू नका. अगदी मनापासून सांगते. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा मोबाइल-टॅबचा जीपीएस पाचेक मीटर इकडं-तिकडं असतो. शंभर मीटर लांब बांध पाच मीटर सरकला तर पाच गुंठ्यांचा फरक पडतो. तुमचे तीन गुंठे त्या चुकीतच बसतात. भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करा, त्यांच्याकडची यंत्रं वेगळी असतात. सरकारच्या महाभूनकाशा साइटवर गटाचा आकार बघता येतो, पण तोही फक्त बघण्यापुरता.

हार्वेस्टर_मांजराकाठ
बरोबर. आमच्या गावात असल्या मोजणीवरून दोन भाऊ बोलत नाहीत.

ठिबक_केज
ताई, मग माझ्या लॅटरलच्या हिशोबाला चालेल का?

बियाणे_प्लॉटवाली
अंदाजपत्रकाला चालेल. पाच फुटांवर लॅटरल धरली तर एकराला साधारण २,६५० मीटर नळी लागते. क्षेत्र दहा टक्के चुकलं तर २६५ मीटरचा फरक. म्हणजे बंडल मागवायच्या आधी टेप लावावाच लागेल. पण शेतकऱ्याला पहिल्या भेटीत खर्चाचा आकडा सांगायला पुरेसं आहे. कोपऱ्यावर पोचल्याबरोबर खूण मारू नका, अर्धा मिनिट थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. मोठ्या आंब्याखाली किंवा विहिरीच्या कड्याशी चिकटून घेऊ नका.

सर्किट_परभणी
आणि तुमच्या वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर टाका ना! तो नकाशा कुणीही भरू शकतं, ऑस्मअँड त्याच्याच आधारावर चालतं. आपल्या बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांच्या वाटा तिथं फार कमी आहेत. तुम्ही रोज त्यावरून जाता. उद्या रात्री रुग्णवाहिकेला तांडा सापडला पाहिजे, यासाठी मी हे काम करतो. अट एकच, दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवायचं नाही. स्वतःचा ट्रॅक किंवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

गुरुजी_उदगीर
हा विचार उत्तम आहे. कसे करायचे ते स्वतंत्र धाग्यात लिहावे.

निलंग्याचा_बागायतदार
मूळ प्रश्न बाजूला राहिला. आयपॅड.

ठिबक_केज
सगळ्यांचे आभार. टॅब घेतला. ताईंनी आठ इंची सिमवाला सांगितला होता, मी वायफायचा अकरा इंची घेतला, सॅमसंगचा ए९ प्लस, वापरलेला, बिलासकट. लातूरच्या दुकानासमोर सर्किटभाऊंनी सांगितल्याप्रमाणे वायफाय बंद करून उभा राहिलो. जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, सगळ्यांचे उपग्रह दिसले, मगच पैसे दिले. चार्जर आणि केबल धरून १५ च्या आत बसलं.

मोठा का घेतला ते सांगतो. शेतकऱ्याला बांधावर बसून मेन, सबमेन, व्हॉल्व्ह कुठं येणार हे दाखवावं लागतं. घरातले चार जण एकदम बघतात आणि म्हाताऱ्या माणसांना लहान पडद्यावर दिसत नाही. त्यांना दिसलं नाही तर ते मान डोलावतात, आणि नळी पसरल्यावर म्हणतात इथून बैल न्यायचाय. नेट लागलंच तर मोबाइलचा हॉटस्पॉट आहे.

स्टँड घेतला नाही. माझ्यासोबत फिटिंगचा पोरगा असतोच. टॅब त्याच्या मांडीवर, तो वाट सांगतो, मी समोर बघतो. ऊन लागत नाही, पोलिसांचा प्रश्न नाही. ऑस्मअँड टाकलंय. कालच्या वाटेची फाइल आडसच्या प्लॉटपर्यंत नीट आली.

हार्वेस्टर_मांजराकाठ
वापरलेला घ्यायला नको होता. बॅटरी कशी निघते कोण जाणे. पण मांडीवर ठेवायचं पटलं.

चौदा_टायर_जालना
पोरगा सुट्टीवर गेला मग?

ठिबक_केज
मामा, मग पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबवून बघायचं, आवाज मोठा ठेवायचा. ताई, एक विचारायचं राहिलं. एका शेतकऱ्याचे तीन गट असतील तर फाइल तीन करता की एक?

बियाणे_प्लॉटवाली
तीन. गट नंबर नावात आधी लिहा आणि शेतकऱ्याचं नाव नंतर. जमीन विकली गेली तरी फाइल सापडते.

नवा_सभासद_हिंगोली
पूर्ण धागा वाचला नाही, पण टॅब घेताना जीपीएस आहे का बघा. वायफायच्या आयपॅडमध्ये नसतो.