बिल ८,५१२ चं, ओळी मात्र ४१ च्या खाली

इंदूरच्या सियागंजातल्या एका किराण्याच्या ठोक दुकानाचा बिलिंग प्रोग्राम मी सांभाळतो. प्रोग्राम व्हीबी ६ या जुन्या भाषेत, मागे डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०००. बिल टेबलात इन्सर्ट झालं, म्हणजे नोंदलं गेलं, की त्याचा नवा आयडी (नंबर) घ्यायचा आणि त्याखाली मालाच्या ओळी टाकायच्या. आधी सिलेक्ट मॅक्स होतं, म्हणजे टेबलातला सर्वांत मोठा नंबर उचलायचा. दोन्ही काउंटरवर एकदम बिल झालं की एकाची हळद दुसऱ्याच्या बिलात जायची. म्हणून @@आयडेंटिटी लावलं, ते आपल्याच कनेक्शनवर आपोआप पडलेला शेवटचा नंबर देतं. वर्षभर सुरळीत. गेल्या महिन्यात बिलाच्या टेबलावर ट्रिगर (नोंद पडली की आपोआप चालणारा कोड) लावला, तो प्रत्येक नव्या बिलाची नोंद लॉगमध्ये टाकतो. तेव्हापासून ओळी ४१, ४२ अशा जुन्या बिलांखाली जातायत. छापलेलं बिल कोरं निघतं. मालकांनी वीस वर्षं माझ्यावर विश्वास टाकलाय, मला झोप नाही. कनेक्शन एकच आहे, तपासलं.

उत्तर:
काका, लॉगलाही आयडेंटिटी कॉलम, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या नंबरचा रकाना, असणार. ४१ हा लॉगच्या ओळीचा नंबर. @@आयडेंटिटी त्या कनेक्शनवर सगळ्यात शेवटी तयार झालेला नंबर देतं, ट्रिगरमधला असला तरी. स्कोप_आयडेंटिटी() घ्या, ते ट्रिगरच्या आतलं धरत नाही. तुमच्या २००० मध्ये आहे.

दुसरं उत्तर:
आयडेंट_करंटच्या वाटेला जाऊ नका. ते कुठल्याही कनेक्शनने टाकलेला शेवटचा नंबर देतं, म्हणजे पुन्हा मॅक्सचाच घोळ. इन्सर्ट आणि नंबर विचारणारं सिलेक्ट एकाच एक्झिक्यूटमध्ये (एकाच हुकमात) पाठवा, सगळ्यात आधी सेट नोकाउंट ऑन, म्हणजे किती ओळी बदलल्या हा निरोप बंद. ते राहिलं तर एडीओ (व्हीबी आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) पहिल्यांदा इन्सर्टचा बंद रेकॉर्डसेट (निकालाचा संच) हातात देतं आणि ३७०४ एरर येते. पुढे २००५ वर गेलात तर आउटपुट क्लॉज (इन्सर्टमधूनच नवा नंबर परत देणारा) मिळेल, पण ट्रिगर असलेल्या टेबलावर त्याला इंटू, म्हणजे नंबर कुठल्या टेबलात ठेवायचा ते, द्यावंच लागतं.

प्रश्नकर्ता:
लॉगला आयडेंटिटी आहेच. बदल केला, मुलाला दुसऱ्या काउंटरवर बसवून एकदम पन्नास बिलं टाकली, सगळ्या ओळी जागेवर. पण महिन्याभराच्या भरकटलेल्या ओळींचं काय?

उत्तर:
लॉगमध्ये बिल नंबर लिहिता ना? मग काही हरवलेलं नाही. ओळीवरचा चुकीचा नंबर म्हणजे लॉगचा आयडी, त्यावरून ओळी लॉगशी जॉइन करा (जोडा), खरं बिल मिळेल. फक्त ट्रिगर लावल्यानंतरच्याच ओळी घ्या, नाहीतर ४१ च्या मूळच्या ओळीही उचलल्या जातील.

प्रश्नकर्ता:
ओळींवर नोंदीची वेळ आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर बॅकअप घेऊन करतो. आधी दहा बिलं कागदी प्रतींशी ताडून बघेन.