सड्यावरचं डम्पिंग वाढवतायत, रिपोर्टात म्हणे दुर्मिळ जाती नाहीत आणि पाणथळही नाही. आक्षेप कसा लिहायचा?

सडेकर_पेडणे
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कचऱ्याचं डम्पिंग आहे, ते आता जवळपास दुप्पट करणार. जनसुनावणीची नोटीस लागलीय, तीस दिवसांतले नऊ गेले. पंचायतीत बसून ड्राफ्ट ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल) चाळला, एवढं मोठं बाड आणि त्यात झाडं-प्राण्यांचं प्रकरण फक्त चार पानांचं. जागा म्हणे "खडकाळ पडीक", संरक्षित जात एकही नाही, पाणथळ नाही. हाच सडा जुलैत बघा, गुरं चारणारे चपला हातात घेऊन चालतात इतकं पाणी असतं, आणि खाली झर आहे तिचं पाणी कुळागरातनं (माडा-पोफळीच्या बागेतनं) थेट खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, उतरतं. मी बँकेत नोकरी करतो, शास्त्र वगैरे कळत नाही. नुसतं "आमकां नाका" म्हणून ओरडलं तर कोणी ऐकत नाही हे मात्र दोन सुनावण्या बघून कळलंय. तर असं काय विचारायचं की त्यांना उत्तर द्यावंच लागेल?

आसवं_गेंद
सडेकर बाब, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी सर्व्हेची तारीख शोधा. मी कॉलेजात बॉटनी शिकवते, पैज लावून सांगते मार्च ते मे मधलीच निघेल. पावसाळा सोडून एका सीझनचा डेटा घ्यायची पद्धत आहे, हवा-धूळ मोजायला ती ठीक आहे, पण हे लोक त्याच फेरीत झाडंही मोजून मोकळे होतात. एप्रिलात सडा म्हणजे तापलेला तवा, दिसणार काय? जांभ्यावरच्या बहुतेक वनस्पतींचं सगळं आयुष्य जून ते ऑक्टोबरात उरकतं. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही सगळी तेव्हाची, त्यातली आसवं आणि दवबिंदू किडे खाऊन जगतात कारण त्या बोटभर मातीत खायला काहीच नसतं. दिपकाडीचा कांदा तर वर्षाचे बरेच महिने खडकाच्या फटीत नुसता झोपलेला असतो आणि तिची एक जात कोकणपट्टीच्या सड्यांपलीकडे कुठंच नाही. प्राण्यांचंही तेच. देवगांडूळ घ्या, बेडकाच्या गोतातला बिनपायाचा प्राणी, त्याची गोव्याचं नाव असलेली जात शास्त्राला कळली ती 2007 मध्ये, सत्तरी तालुक्यातून. दिसायला गांडूळच, पावसात ओली माती उकरल्याशिवाय सापडत नाही. म्हणून "आढळले नाही" आणि "नाही" यात फरक आहे एवढंच वाक्य लिहिलंत तरी खूप.

सडेकर_पेडणे
बाय, पैज जिंकलात. एप्रिल, आणि ते पण चारच दिवस 😐

मानशीवरचा
झरीचा मुद्दा सोडू नका. जांभा म्हणजे चाळण, वर पडलेलं पाणी खाली झरीतनंच बाहेर येतं. आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तो उघड्या कचऱ्यातनं झिरपला की जे काळं पाणी होतं त्यात अमोनिया, क्लोराइड, जड धातू सगळं आलं. खाली प्लास्टिकचं अस्तर घालतो म्हणतील. 2016 च्या घनकचरा नियमांत 1.5 मिमीचा एचडीपीई पडदा, त्याखाली 90 सेंमी चिकणमाती, आणि भूजलाची सगळ्यात वरची पातळी त्या मातीच्या तळापासून निदान 2 मीटर खाली हवी असं होतं; ते नियम 2026 मध्ये बदलले, नवे ताडून घ्या. मग विचारा, ही पातळी ऑगस्टात मोजली की एप्रिलात? इथंही तोच घोळ निघेल बघा.

आणि तुम्ही स्वतः एक करा, साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, काही शे रुपयांत मिळतो, झर, विहीर, मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) आतलं पाणी दर पंधरवड्याला मोजून वहीत तारखेसकट लिहा. भरती-ओहोटीची वेळ पण लिहा नाहीतर खाजनातला आकडा खाऱ्या पाण्यामुळे नुसता नाचतो. विस्ताराआधीची वही नसेल तर उद्या झर बिघडली तरी सिद्ध कशी करणार? आमच्याकडे नव्हती.

कळंगुटचो_टॅक्सीवालो
सगळं बरोबर हो, पण मग कचरा टाकायचा कुठं? सीझनला किनाऱ्यावर या एकदा, रोज सकाळी हॉटेलांमागं ढीग. प्रत्येक गाव म्हणतं शेजारच्या गावात न्या. फुलं चार महिन्यांची, वास बारा महिने.

आसवं_गेंद
टॅक्सीवाले बाब, प्रकल्प नको असं कोण म्हणालं? दुसऱ्या जागा तपासल्या का, हे रिपोर्टात यायला हवं, बहुतेक वेळा एक परिच्छेद खरडलेला असतो. ओला कचरा वेगळा झाला तर पुरायला उरतं किती हा हिशोब पण मागा. आणि "रोपं दुसरीकडे लावू" असं म्हणाले तर हसू नका, लेखी घ्या. खडकातला खळगा कोण उचलून नेणार?

वकील_नाही_पण
कायद्याचं थोडं. पाणथळ नियम 2017 चे आहेत, पण त्यात भातशेती वगळलीय म्हणून खाजन "पाणथळ" म्हणून मांडलंत तर लगेच उडवतील. खाजनासाठी सीआरझेड (किनारपट्टीचे नियम) 2011 मधला गोव्याचा वेगळा भाग वाचा. सड्यावरची तळी नकाशात नाहीत म्हणतील, खरंच नसतील, इस्रोच्या ॲटलासात 2.25 हेक्टरच्या वरच्यांचीच हद्द आखलीय, लहान असतील तर नुसता ठिपका. 2016 च्या घनकचरा नियमांत विमानतळापासून लँडफिल (कचरा पुरायची जागा) 20 किमी लांब हवं होतं, खास बाबीत 10 ते 20 मध्ये एनओसी घेऊन चालायचं. पेडण्यातनं मोपाचा विमानतळ किती लांब ते तुम्हीच सांगा. ते म्हणतील हा प्रक्रिया प्रकल्प आहे, मग विचारा उरलेला माल कुठं पुरणार.

विस्तार आहे म्हणजे आधीच्या मंजुरीतल्या अटी पाळल्याचा प्रमाणित अहवाल लागतो, तो मागा. मोपाच्याच प्रकरणात फॉर्म 1 मध्ये (पर्यावरण मंजुरीच्या अर्जात) माहिती नीट दिली नाही म्हणून सुप्रीम कोर्टानं मार्च 2019 मध्ये मंजुरी थांबवली होती. जानेवारी 2020 ला परत मिळाली, विमानतळ झाला, ते वेगळं. बोलायला दोन मिनिटं मिळतील म्हणून सगळं लेखी द्या आणि पोच घ्या, आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात तोवर उठू नका, आमचे लोक चहाला गेले आणि मुद्दे गळाले.

मानशीवरचा
अजून एक, कचऱ्यावर घारी, कावळे, कुत्रे वाढतात आणि तेच सड्यावरची टिटवी-चंडोलाची अंडी खातात. हे प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर घडतं म्हणून कोणी मोजत नाही.

सडेकर_पेडणे
सगळ्यांचे आभार. पंचायतीची जैवविविधता नोंदवही मागितली तर क्लार्क म्हणाला कपाटाची चावी सेक्रेटरीकडे. उद्या परत जातो. बाकी बांधावर सकाळी माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसते, कुत्र्याची नाही वाटत, वास मासळीचा. काय असेल?

मानशीवरचा
पाणमांजर! खेकड्याची कवचं पण असतील त्यात. हात लावू नका, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन ऑन ठेवून. आणि आजच काढा, उधाणाला पाणी बांधावर चढतं.