अनुभव धागा: थँक्सगिव्हिंगच्या पंक्तीला कोणती अमेरिकन वाइन?

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतही सकाळपासून ओव्हन तापतो. टर्की असते, क्रॅनबेरी सॉस असतो आणि त्याच टेबलावर मसालेभात, भरली वांगी, काकडीची कोशिंबीरही असते. वाइनच्या दुकानात मिळणारा सल्ला बहुधा नुसत्या टर्कीपुरता असतो, आपल्या तिखटाचा हिशेब त्यात धरलेला नसतो. म्हणून हा धागा. तुमच्या घरी कुठली वाइन जमली आणि कशाबरोबर जमली, ते लिहा. अट एकच: द्राक्षं अमेरिकेत पिकलेली हवीत. सण इथला आहे, आणि इथल्या मातीत फार चांगलं पिकतं.

रॉचेस्टर, न्यूयॉर्क

आमच्याकडे रीसलिंगच, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन. ती जिथे पिकते ती फिंगर लेक्स नावाची तळी हाकेच्या अंतरावर. ही तळी लांबट आणि खूप खोल, त्यामुळे उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतात आणि काठावरच्या वेली हिवाळ्यात तगतात. तरी या थंडीत युरोपातली द्राक्षं जगणार नाहीत असंच इथे मानलं जायचं. युक्रेनहून आलेल्या डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी थंडी सोसणाऱ्या खुंटांवर कलमं करून ती जगवली आणि १९६२ मध्ये यांतल्याच क्यूका तळ्याकाठी स्वतःची वाइनरी काढली. त्या उतारावर उभं राहिलं की या माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

आता जेवणाचं. आमच्या टर्कीला आदल्या रात्री दही, आलं-लसूण, लाल तिखट आणि गरम मसाला चोळून ठेवतो. असल्या तिखटावर जास्त मद्यार्काची वाइन प्यायली तर तोंड आणखी भाजतं आणि तुरट रेड चक्क कडू लागते. रीसलिंगमध्ये मद्यार्क कमी, आंबटपणा खणखणीत आणि मागे जरासा गोडवा. घोट घेतला की जीभ शांत होते आणि हात पुन्हा ताटाकडे वळतो. बऱ्याच बाटल्यांच्या मागच्या लेबलवर ड्राय (गोडवा नसलेली) ते स्वीट अशी पट्टी असते, तिच्यावरची खूण बघूनच घ्या. मसाल्याच्या जेवणाला मीडियम ड्राय उत्तम. साध्या भाजलेल्या टर्कीला पूर्ण ड्राय चालेल. आणि आमच्या राज्यात किराणा दुकानात वाइन मिळत नाही, तेव्हा बुधवार संध्याकाळवर ठेवू नका.

पोर्टलंड, ओरेगन

पिनो न्वार ही रेड, आमच्या विलामेट व्हॅलीची. घरातले अर्धे लोक शाकाहारी. त्यांच्यासाठी अळंबी, कांदा आणि पावाचं स्टफिंग करतो, आणि अळंबीला पिनोइतकी शोभणारी वाइन मला तरी ठाऊक नाही. रंगाने फिकट, तुरटपणा बेताचा, क्रॅनबेरीच्या आंबटगोडाशीही भांडत नाही. लेबलवर ओरेगनची पिनो न्वार लिहिलेलं असेल तर बाटलीत किमान ९० टक्के तेच द्राक्ष असावं लागतं. देशाचा नियम ७५ टक्क्यांवर थांबतो. वाइन करणारे डेव्हिड लेट यांनी १९६५ मध्ये इथे पिनोची रोपं आणली तेव्हा जाणकार नको म्हणत होते. आज खोरं भरून पिनो उभी आहे.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

वरचं मद्यार्काचं म्हणणं ठेच्याला लागू आहे, भरल्या वांग्याला नाही. दाण्याचं कूट, गोडा मसाला, गूळ, चिंच घातलेली आमची वांगी झणझणीत नसतात, दाट असतात. त्यांच्यासमोर हलकी वाइन दिसेनाशी होते. तिथे कॅलिफोर्नियातल्याच लोडाय भागाची झिनफँडल ही रेड हवी: काळ्या बेरी, मिरी, अंगाने भरदार. तिच्यात मद्यार्क सहज १५ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून पेला अर्धाच भरायचा.

कॅलिफोर्नियाने हे द्राक्ष आपलंच मानलं होतं. ते क्रोएशियातल्या एका जुन्या, जवळपास नामशेष झालेल्या वाणाशी एकच आहे, हे २००१ मध्ये डीएनए तपासणीतून ठरलं. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या कॅरल मेरेडिथ त्या कामात होत्या. माहेर नाशिकचं असल्यामुळे मला आणखी एक आपलेपणा: सुलानेही नाशिकला झिनफँडल लावली आहे. लेबलवरच्या 'ओल्ड व्हाइन' (जुन्या वेली) या शब्दांना कायद्यात व्याख्या नाही, म्हणून दुकानदाराला वेली किती सालच्या ते विचारा. लोडायला शंभरी ओलांडलेले जाड, वाकडे बुंधे अजून फळ देतात. त्यांची बाटली मिळाली तर दोन डॉलर जास्त द्यायला हरकत नाही.

ह्यूस्टन, टेक्सस

कॅबर्ने या भरदार रेडचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. टर्कीला ती जड होते, मान्य. पण आमच्याकडे मटणाची अख्खी रान भाजतात, त्या चरबीला कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची कॅबर्नेच पुरी पडते. तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा, तुरटपणा मवाळ होतो. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची लेबलं न पाहता चव घेतली, तेव्हा रेडमध्ये नापाच्याच स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची कॅबर्ने पहिली आली आणि व्हाइटमध्ये शातो माँटेलिनाची शार्दने. माझे सासरे दरवर्षी ही गोष्ट पुन्हा सांगायला लावतात.

डॅलस, टेक्सस

जेवणाआधी बटाटेवडे, आणि त्याबरोबर न्यू मेक्सिकोच्या ग्रूए वाइनरीची फेसाळ वाइन. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातून आलेल्या कुटुंबाने १९८४ मध्ये तिथे उंचावर वेली लावल्या. बुडबुडे आणि आंबटपणा तळणाचं तेल धुऊन काढतात. किंमतही पाहुणे जास्त असले तरी झेपणारी. लसणीची चटणी मात्र बेताची ठेवा.

एडिसन, न्यू जर्सी

न पिणाऱ्यांचाही विचार हवा. आमच्याकडे आजी, मुलं आणि गाडी चालवणारे धरून निम्मी पंगत तशीच असते. मार्टिनेलीचा फेसाळ सफरचंदाचा रस सगळीकडे मिळतो. त्याहून सुंदर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या अँडरसन व्हॅलीतल्या नवारो वाइनरीचा गेवुर्त्स्ट्रामिनर जातीच्या द्राक्षांचा रस, गुलाब आणि लिचीच्या वासाचा. तो आम्ही वाइनच्याच काचेच्या पेल्यांतून देतो, कोणालाही वेगळं बसल्यासारखं वाटत नाही.

कडक शाकाहारी पाहुणे वाइन घेणार असतील तर एक लक्षात ठेवा: काही वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग किंवा माशाचा पदार्थ वापरतात. त्यांच्यासाठी व्हीगन लिहिलेली बाटली शोधा.

पुणे, सध्या मुलीकडे सिअ‍ॅटलला

मी पीत नाही, पण वाढायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून वाढणारीच्या बाजूने लिहिते. इथली घरं हीटरने इतकी तापलेली असतात की रेड टेबलावर राहिली तर कोमट होते आणि नुसता दारूचा भपका येतो. जावई ती जेवणाआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतात. व्हाइट उलट वीस मिनिटं आधी बाहेर काढायची, फार गार असली की वासच येत नाही म्हणतात. एका बाटलीत बेताचे पाच पेले होतात. पिणाऱ्या दोघांमागे एक बाटली धरली तर रात्रीपर्यंत पुरते, आणि उरलेली रेड दुसऱ्या दिवशी मुलगी टर्कीच्या रश्श्यात घालते.