परीक्षा ‘दिली’ की ‘घेतली’? ‘टेक’चा घोळ

शिकवणी परभणी: घरी सातवी-आठवीच्या पोरींची इंग्रजीची शिकवणी घेते. परवा एकीनं शाळेतल्या चाचणीचा पेपर आणला. वाक्य होतं ‘मी काल परीक्षा दिली’, याचं इंग्रजी करा. तिनं लिहिलं ‘आय गेव्ह द एक्झाम येस्टरडे’. ‘गेव्ह’भोवती लाल गोल, वर ‘टुक’, आणि अर्धा मार्क कापलेला. पोरगी म्हणली, मॅडम, परीक्षा घेतात ते सर ना, मग मी ‘टुक’ कशी काय? नियम मला माहीत आहे हो, इंग्रजीत विद्यार्थी टेक करतो आणि ‘टीचर गेव्ह अस अ टेस्ट’ म्हणलं की पेपर काढणारा शिक्षक, म्हणजे आपल्या बरोब्बर उलट. पण असं का, ते मला सांगता आलं नाही. ‘लक्षात ठेव’ म्हणून वेळ मारून नेली आणि तेच मनाला लागून राहिलंय. तुम्ही कसं समजावून सांगाल? आणि ‘गेव्ह’ला चूक धरायचं का?

लातूरचा क्लास: आमच्या गल्लीत बघा, प्रत्येक पोरगं म्हणतं दोनदा मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दिली, आता तिसरा अटेम्प्ट द्यायलोय. अटेम्प्ट सुद्धा ‘देतात’! इंटरव्ह्यू देतात, वायवा देतात. सगळा देश ‘गेव्ह द एक्झाम’ म्हणत असेल तर चूक कशी म्हणायची, ते आपलं इंग्रजी झालं की. मार्क कापायला नको होता.

तिफण: थांबा, मला मुळात ‘परीक्षा देणे’च पटत नाही. परि + ईक्षा, म्हणजे सगळीकडून बघणं. बघणारा गुरुजी. मग बघणं पोरगं ‘देणार’ कसं? आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, ते म्हणायचे ‘इम्तेहान दिला’. माझं तर ठाम मत आहे की तिकडनंच हे आपल्या बोलण्यात शिरलं. शुद्ध मराठी म्हणजे ‘परीक्षेला बसणे’.

शिकवणी परभणी: मग ‘बसणे’ इंग्रजी ‘सिट फॉर’वरून आलं असं उद्या कुणी म्हणलं तर?

गोदाकाठ: तिफण दादा, सीतामाईनं अग्निपरीक्षा दिली असं माझी आजी म्हणायची आणि तिला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. मराठवाड्यात जरा वेगळं काही दिसलं की लगेच निजामावर ढकलायचं ही सवय सोडायला पाहिजे. दस्ती (रुमाल), गिरदावर (महसुलाचा अधिकारी) हे शब्द तिकडचे, कबूल. देणं-घेणं आपलंच आहे, घेणे संस्कृतातल्या ‘ग्रह्’चं, देणे ‘दा’चं. उलट इंग्रजांचा ‘टेक’च बाहेरून आलेला! त्यांचं जुनं क्रियापद होतं ‘निमन’, जर्मनमध्ये अजून ‘नेमन’ आहे. व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं ‘टाका’ आलं आणि त्यानं निमनला पार हुसकून लावलं. ‘दे’, ‘देम’ ही सर्वनामं सुद्धा त्यांचीच. आणि ‘एक्झाम’चं मूळ बघाल तर लॅटिन ‘एक्झामेन’, त्याचा एक अर्थ तराजूचा काटा.

मोंढा: सर, काट्याचं म्हणलात म्हणून लिहितो, मी शाळा लै शिकलेलो नाही, आडतीवर असतो. आमच्याकडं सोयाबीन घेऊन शेतकरी येतो. पोतं काट्यावर ठेवतो, आडत्या मूठभर दाणे हातावर घेऊन फुंकर मारतो, माती किती, ओल किती बघतो, मग वजन होतं. देणारा कोण? शेतकरी. घेणारा कोण? आडत्या. पोरगं परीक्षेत तसंच आहे की, वर्षभर जे पिकवलं ते काट्यावर आणून देतंय आणि सर तोलून घ्यायलेत. ‘परीक्षा दिली’ याच्यापरीस नीट शब्द कोणता असेल? इंग्रजाला ते आडत्याकडनं मिळालेलं काहीतरी वाटत असंल, म्हणून त्याचं पोरगं ‘घेतं’. त्या पोरीला एवढं सांगा.

शिकवणी परभणी: मोंढावाले भाऊ, हे मी उद्याच सांगणार आहे. खरंच. त्यांचा शिक्षक पेपर ‘देतो’ आणि पोरगं तो ‘घेतं’, आपल्याकडं पोरगं उत्तर देतं आणि शिक्षक घेतो. एकच पेपर, दोन बाजूंनी बघितलेला.

देगलूर नाका: आमच्याकडं तिसरंच आहे! माझं आजोळ तेलुगू. मामेभाऊ म्हणतो ‘परीक्ष राशानु’, म्हणजे परीक्षा लिहिली. बिदरकडचे पाहुणे कानडीत ‘परीक्षे बरेदे’ म्हणतात, तेही लिहिलीच. लहानपणी आम्ही सुट्टीत एकत्र जमायचो तेव्हा मी म्हणायचो परीक्षा दिली, मामेभाऊ मराठी बोलताना म्हणायचा परीक्षा लिहिली, आणि आम्ही त्याला हसायचो. पुढं कळलं की कॅनडात सुद्धा ‘राइट द एक्झाम’ म्हणतात, मग आपण उगीच हसलो याचं वाईट वाटलं. एका हैदराबाद संस्थानात तीन भाषा नांदल्या आणि परीक्षेचं क्रियापद काही एक झालं नाही.

तिफण: तेलुगू-कानडीचं राहू द्या. घरात लागलेली आग बघा. आता पोरं बोलतात ‘ही गाडी दोन तास घेते’. अरे गाडी तास कशाला घेईल? दोन तास ‘लागतात’. परभणीहून नांदेडला तास-सव्वा तास लागतो. ‘आंघोळ घेतली’, कुठून घेतली, दुकानातून? आंघोळ करतात. ‘फोटो घेतला’ पण ऐकलंय, फोटो काढतात. हे सगळं ‘टेक’चं पाप आहे.

गोदाकाठ: तास लागतात यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. इंग्रजीतला निम्मा ‘टेक’ आपल्याकडं ‘लागणे’ सांभाळतं: वेळ लागतो, पैसे लागतात, हिंमत लागते. पण त्या न्यायानं ‘भाग घेणे’ पण काढून टाकाल का? ‘जागा घेणे’? ‘रजा घेणे’? मुरलेत ते शब्द.

तिफण: भाग घेणे मी काढूनच टाकतो. सामील होणे म्हणतो.

लातूरचा क्लास: रजा घेणे इंग्रजीवरून कसं असेल, निरोप घेणे पहिल्यापासून आहेच की. आणि संतांनी नाम घ्यायला सांगितलं ते काय इंग्रजाला विचारून?

वसमतची सून: ‘घेणे’वरून आमच्या सासूबाईंचं सांगते. तालुक्याला दवाखान्यात दाखवायला गेलो, कंपाउंडर म्हणला, मावशी, ही गोळी सकाळ-संध्याकाळ एक-एक घ्या. मी पैसे द्यायच्या रांगेत होते. घरी आलो, रात्री ताप तसाच. विचारलं तर पदराच्या गाठीतून गोळी काढून दाखवली, म्हणल्या, ‘घेतली की एक, आता संध्याकाळची घ्यायला परत जावं लागंल का?’ त्यांच्या बोलण्यात घेणे म्हणजे विकत घेणे नाहीतर हातात घेणे. गोळी खातात, औषध पेतात. तेव्हापासून मी कुणाही म्हाताऱ्या माणसाला ‘गोळी खा’ असंच सांगते, पुस्तकात काहीही असू दे. नुसतं ‘घेतो’ म्हणलं तर आमच्या गावात त्याचा अर्थ दारू पितो असा होतो.

देगलूर नाका: हे फार महत्त्वाचं लिहिलंत ताई. पाकिटावरच्या चिठ्ठीत पण ‘खा’ लिहायला पाहिजे.

तिफण: गोळी खाणे हे हिंदी ‘दवा खाना’वरून.

वसमतची सून: सासूबाईंना हिंदी येत नाही दादा. भाकरी खातात तशी गोळी खातात.

मोंढा: पाणी पेता का म्हणणारा माणूस आणि पाणी घेता का म्हणणारा माणूस यात मला फरक वाटतो. घेता का म्हणलं की मान ठेवल्यासारखं वाटतं, पेता का म्हणलं की घरच्यासारखं. पाहुणा नवा असेल तर मी घेता का म्हणतो.

गोदाकाठ: बरोबर. इंग्रजीत चहाला टेकपेक्षा ‘हॅव’ जास्त चालतो, तो एक वेगळाच विषय आहे, ‘असणे’नं चहा कसा प्यायचा ते आपल्या पोरांना कळत नाही.

शिकवणी परभणी: आज पोरीला काट्याचं सांगितलं. तिला पटलं. मग वही मिटता मिटता तिनं विचारलं, मॅडम, पेपर कसा गेला असं आपण विचारतो, तर जातो कोण, पेपर की आपण? इंग्रजीत ‘हाऊ डिड इट गो’ आहेच, पण तिचा प्रश्न मराठीचा आहे. आणि तो अर्धा मार्क तसाच आहे, तिच्या सरांशी कसं बोलावं ते ठरलेलं नाही.

तिफण: ‘गेला’ नाही, पेपर ‘सुटला’ म्हणावं.

लातूरचा क्लास: सुटला म्हणजे वेळ संपून बाहेर आलो ना? आमच्याकडं पेपर सोपा गेला, अवघड गेला असंच म्हणतात. जड गेला असंही.