माळकरी आईला व्हिएतनाममधले स्थानिक जेवण खाऊ घालायचे आहे : मार्गदर्शन हवे

नमस्कार. कार्तिकी एकादशीचा उपवास आणि द्वादशीचे पारणे आटोपले की आई आणि मी आठ दिवसांसाठी व्हिएतनामला निघणार आहोत. मुंबईहून हनोई, तिथून ह्वे आणि शेवटी होई आन असा बेत आहे. तिकिटे आणि मुक्कामाची सोय झालेली आहे. प्रश्न आहे तो फक्त जेवणाचा.

मी गिरगावात वाढलो असल्यामुळे बोंबील आणि जवळ्यावाचून माझे पान हलत नाही. आई मात्र गेली बावीस वर्षे माळकरी आहे आणि अंडेसुद्धा खात नाही. मागे आम्ही एका सहल कंपनीबरोबर थायलंडला गेलो होतो, तेव्हा पाचही दिवस दोन्ही वेळा पनीर, पिवळी डाळ आणि जिरा राइस समोर आला. घरी परतल्यावर आई म्हणाली, "देश पाहिला, पण चव दादरचीच घेऊन आले." म्हणून या वेळी थेपले आणि तयार उपम्याची पाकिटे केवळ अडीअडचणीपुरती नेऊन तिला तिथलेच अन्न चाखायला द्यावे, अशी माझी इच्छा आहे.

वाचनातून काही गोष्टी कळल्या आहेत. तिथे 'न्वोक माम', म्हणजे मासळी मिठात मुरवून काढलेला द्रव, आपल्याकडच्या फोडणीइतका सर्रास वापरतात. त्यामुळे ताटात मासा दिसला नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला, असे मानता येत नाही. फो या नूडल्सच्या सूपमध्ये चक्रीफूल आणि दालचिनी असते हे वाचून आई खूश झाली होती, पण त्याचा रस्सा हाडे उकळून करतात हे कळल्यावर तिने तो विषय सोडून दिला. हनोईच्या प्रसिद्ध कॉफीत अंड्याचा बलक फेटून घालतात, तेव्हा तीही बाद. याउलट 'बान्ह सेओ' हा तांदळाच्या पिठाचा, हळद घातलेला पदार्थ छायाचित्रात अगदी आपल्या घावनासारखा दिसतो, परंतु त्यात कोळंबी आणि डुकराचे मांस भरतात. तो सारण बदलून मिळतो का? हनोईचे 'कोम', म्हणजे कोवळ्या चिकट भाताचे हिरवे पोहे, आईला फार खुणावत आहेत. नोव्हेंबरच्या अखेरीस ते मिळतात का?

मुख्य शंका अशी की 'तोय आन चाय', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे सांगितल्याने काम भागते, की न्वोक मामचे नाव घेऊन वेगळे सांगावे लागते? आईची फसवणूक करून तिला काही खाऊ घालायचे नाही. तिला कळले तर वाईट वाटेलच, आणि कळले नाही तर मला वाटेल.

प्रतिसाद

नमस्कार. मी पार्ल्याची. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन याच मार्गाने जाऊन आले, म्हणून लिहिते.

साध्या खाणावळीत 'आन चाय' म्हटले तरी भाजीवर न्वोक माम पडू शकतो, कारण बनवणाऱ्याला तो मीठमसाल्यातलाच वाटतो. म्हणून 'खोंग न्वोक माम' हे शब्द व्हिएतनामी लिपीत कागदावर लिहून जवळ ठेवा. त्यापेक्षा पाटीवर 'चाय' लिहिलेल्या खाणावळी शोधाव्यात, कारण त्या बौद्ध परंपरेतल्या असल्याने मासळीचा द्रवही वापरत नाहीत आणि पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूणही टाळतात. बान्ह सेओ आम्ही अशाच एका ठिकाणी मशरूम आणि मोड आलेले मूग घालून खाल्ले. मात्र आईंना आधीच सांगून ठेवा की अशा खाणावळीत सोयाबीनचे पदार्थ मुद्दाम मांसमाशांसारखे घडवतात. माझ्या सासूबाईंनी माशाच्या आकाराचा तुकडा पाहून ताट सरकवले आणि त्यांची समजूत काढेपर्यंत अर्धा तास गेला.

टोफू दिसला म्हणून 'बुन दाऊ माम तोम' मागवू नका. त्याच्यासोबत येणारी चटणी आंबवलेल्या कोळंबीची असते, आणि तिचा वास तुमच्या जवळ्यालाही मागे टाकेल. मुगाचा चिकट भात 'सोय' सकाळी रस्त्यावर मिळतो, पण वर मांसाचा कीस भुरभुरतात, तो घालण्याआधीच हात आडवा करावा. नारळाच्या दुधातली मुगाची 'चे' ही गोड खीर आईंना नक्की आवडेल. कोमचा हंगाम शरद ऋतूचा, त्यामुळे ताजे मिळण्याची हमी देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. द्वादशीनंतर निघत असाल तर कार्तिक पौर्णिमा वाटेतच येईल. त्या दिवशी तुम्ही ह्वेमध्ये असाल असे आखा. पूर्वीची राजधानी असलेल्या त्या गावात पॅगोडे पुष्कळ आहेत आणि शाकाहारी स्वयंपाकाची परंपराही जुनी आहे. जेवायला मात्र साडेअकरालाच जा, आम्ही एक वाजता पोहोचलो तेव्हा बसायला जागा नव्हती.