पोरं नाजूक नाहीत, ड्यूटीच तशी आहे

‘हॉटेल मॅनेजमेंटची पोरं ट्रेनिंग अर्धवट सोडून गावी येतात, फार नाजूक झालीत,’ असं कोणीतरी लिहिलंय. नाही पटलं. माझा भाचा चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातला, घरी धानाची शेती. त्याला कष्टाचं काय नवल!

ताडोबाजवळच्या एका रिसॉर्टवर तो ऐन उन्हाळ्यात ट्रेनिंगला होता. सफारीचे पाहुणे पहाटेच निघतात, म्हणजे चहा नि नाश्त्याचे डबे त्याआधी तयार हवेत. जिप्सी गेल्या की खोल्या आवरा. दुपारी ब्रेक, संध्याकाळी पुन्हा बुफे. कागदावर नऊ तास, पण ब्रेक शिफ्टमुळे माणूस पहाटेपासून रात्री अकरापर्यंत अडकलेला. दुपारी झोपावं म्हटलं तर टिनाचं शेड, चंद्रपूरचं ऊन, आणि लाइन गेली की कूलरही बंद.

तरी तो खचला तो कामानं नाही, शेफनं पाहुण्यांसमोर केलेल्या पाणउताऱ्यानं. टिकला सोबतच्या पोरांमुळे. रात्री भांडी आटोपली की मागच्या ओट्यावर सगळे जण शेफच्या नकला करायचे (भाच्याची नक्कल एक नंबर असते).

सगळंच हसण्यावारी नेऊ नये मात्र. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रेनी मुलींनाही लागू आहे, तक्रार तीन महिन्यांत करायची असते. झोप-जेवण उडालं असेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे. आणि कॉलेजच्या सरांनी एक चक्कर तरी मारावी. आमच्या पोराकडे कोणी फिरकलं नाही, लॉगबुकवर (ट्रेनिंगच्या नोंदवहीवर) सही मात्र झाली.